न पुकारलेली नावं

विरारच्या फलाटावर पहाटे उजाडायच्या आधी वास येतो. सोनचाफ्याचा, मोगऱ्याचा आणि त्यात ओल्या केळीच्या पानांचा. आगाशी, नंदाखाल, निर्मळच्या वाड्यांतली फुलं दादरच्या बाजाराला निघालेली असतात. मालडबा जिथे थांबतो तिथे करंड्या, भाजीचे भारे, माशांच्या पाट्या रांगेने लागलेल्या असतात आणि त्याच रांगेत एक लांबोडकी काळी पिशवी उभी असते. चाकं झिजलेली, बाजूच्या खणातून बॅटची मूठ वर आलेली. पिशवीला टेकून दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभ्या उभ्या डुलक्या घेत असतो. शेजारी घरचं कुणीतरी. बाप, आई, पुष्कळदा आजोबा.

विरार गाडीत क्रिकेटचं किट घेऊन साध्या डब्यात शिरणं अवघड. एक पिशवी दोन माणसांची जागा खाते आणि या गाडीत एका माणसाच्या जागेत तिघे उभे असतात. म्हणून मालडबा. फुलवाल्या मावशी करंडी सरकवतात, पिशवी दाराच्या आत येते, गाडी सुटते. नालासोपारा, वसई रोड, नायगाव, मग खाडीवरचा पूल. पुलावर वारा लागतो तसा मुलगा जागा होतो आणि भाईंदर येईपर्यंत पुन्हा झोपतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी एकच शब्द पाठवला होता: ‘उरलेले’. कुणी उरलेल्या अन्नावर लिहील, कुणी उरलेल्या जमिनीवर. मला वसईकर म्हणून पहिल्यांदा आठवला तो एक लिलाव, आणि त्यात उरलेली तीन नावं. त्या नावांच्या मागे चालत जायचं ठरवलं तेव्हा वाट याच मालडब्यातून निघाली. गेले काही रविवार मी या गाडीने जातो आहे.

जेद्दाहमधले दोन दिवस

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाह शहरात आयपीएलचा मोठा लिलाव झाला. नाव नोंदवलं होतं १,५७४ जणांनी. छाटून यादी झाली ती पावणेसहाशेच्या आसपास. दहा संघांकडे मोकळ्या जागा होत्या २०४. दोन दिवस हातोडा पडत राहिला, १८२ खेळाडू विकले गेले आणि ६३९ कोटींहून अधिक रुपये मोजले गेले. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं. बिहारच्या तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी राजस्थानने १ कोटी १० लाख मोजले आणि सगळा देश त्या पोराचं वय पुन्हा पुन्हा वाचत बसला.

आमच्या जिल्ह्यातल्या तिघांसाठी मात्र एकाही टेबलावरून पाटी वर गेली नाही. पालघरचा शार्दूल ठाकूर, पायाभूत किंमत २ कोटी. विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ, ७५ लाख. आणि विरारचाच सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे, ३० लाख. एक कसोटी गाजवून आलेला, एक कसोटी पदार्पणात शतक ठोकलेला आणि एक नुकताच मिसरूड फुटलेला. तिघांची वयं वेगळी, गुण वेगळे, दोषही वेगळे. पण तिघांच्या बालपणातली रेल्वेलाइन एकच, आणि त्या दोन रात्रींत तिघेही उरले.

तिघांना एकाच कारणाने डावललं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. शार्दूलच्या धावा देण्याकडे संघांनी पाहिलं असेल, पृथ्वीच्या तंदुरुस्तीवर उघड चर्चा होती, आयुषला तर बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. पण पुढे जे घडलं त्यावरून उरलेल्या नावांत काय दडलेलं असतं ते कळतं, आणि ते शोधणाऱ्याला कुठे बघायला हवं तेही.

नाव वाचलं जाण्यासाठीही कुणीतरी लागतं

टीव्हीवर लिलाव बघणाऱ्याला वाटतं की यादीतलं प्रत्येक नाव पुकारलं जातं. तसं होत नाही. सुरुवातीला नामांकितांचे गट येतात, मग फलंदाज, अष्टपैलू, यष्टिरक्षक, वेगवान, फिरकी असे एकेक संच. जेद्दाहमध्ये ११६ नावं अशी रीतसर झाली. त्यानंतरचा भाग झटपट लिलावाचा. त्यात प्रत्येक संघाने आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूंची नावं लिहून द्यायची आणि जी नावं लिहून आली तीच पुकारायची. ज्याचं नाव दहापैकी एकाही संघाच्या चिठ्ठीत नाही, त्याला ‘अनसोल्ड’ हा शब्दसुद्धा ऐकायला मिळत नाही. घरी सगळे टीव्हीसमोर बसलेले असतात, शेजारी पेढे आणायच्या तयारीत असतात, आणि कार्यक्रम संपून जातो.

या शेवटच्या टप्प्यात संघांची थैली हलकी झालेली असते. परदेशी खेळाडूंच्या आठ जागा भरत आलेल्या असतात. पंचवीसचा संघ पुरा करायचा असतो आणि हातात उरलेले असतात काही लाख. नेमक्या या वेळी, ज्यांनी वर्षभर मैदानं पालथी घातली आहेत अशा शोधकांची वही कामाला येते. २७ कोटींचा खेळाडू कुणालाही दिसतो. ३० लाखांचा खेळाडू ज्याने डोळ्यांनी पाहिला आहे त्यालाच दिसतो.

याच लिलावाच्या शेवटाकडे मुंबई इंडियन्सने केरळच्या विघ्नेश पुथूरला ३० लाखांत घेतलं. रिक्षाचालकाचा मुलगा, डाव्या हाताने मनगटी फिरकी टाकणारा, केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना न खेळलेला. त्याला पाहिलं गेलं ते केरळच्या राज्य लीगमध्ये. २३ मार्च २०२५ ला चेन्नईत पहिल्याच सामन्यात त्याने तीन गडी बाद केले. पंजाबचा अश्वनीकुमारही ३० लाखांचाच, त्याने वानखेडेवर पदार्पणात चार बळी घेतले.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलसाठी, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याच्या त्या खेळासाठी, दरवर्षी कॉलेजच्या पोरांची अशीच निवड होते. सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं. तिथे बोली नसते, पाळी असते. २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे सात वेळा अजिंक्यपद जिंकला. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी हा यादीतला अगदी शेवटचा, २६२ वा. दोन हंगामांत तो अंतिम सामन्यात संघाचं नेतृत्व करत होता. तिकडे शेवटच्या फेऱ्यांतल्या पोरांवर लोक वर्षभर अभ्यास करतात. छोट्या कॉलेजांत जाऊन बसतात, खेळाडूच्या पायांची ठेवण बघतात, पराभवानंतर तो कसा वागतो ते बघतात. आपल्याकडे कॉलेजचं क्रिकेट बघायला कोण जातं?

कॉलेजपर्यंत पोचलेला मुलगा

एकेकाळी जायचे. विद्यापीठांची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासूनची. सुनील गावस्करांची पिढी मुंबई विद्यापीठाकडून खेळत मोठी झाली. कॉलेजात गाजलेला मुलगा रणजीच्या दारात उभा असायचा.

आता ते दार अलीकडे सरकलं आहे. चौदा वर्षांखालील, मग सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, मग एकोणीस वर्षांखालील विनू मंकड आणि कूचबिहार करंडक, मग तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू करंडक. या जिन्याची पहिली पायरी ज्याची हुकली त्याला मधल्या पायरीवर चढायला जागा मिळणं कठीण, कारण तिथे आधीपासून उभे असलेले हलत नाहीत. वसईचं वर्तक कॉलेज, सेंट गोन्सालो गार्सिया, विरारचं विवा अशा कॉलेजांच्या संघांत अठरा-वीस वर्षांची जी मुलं असतात, त्यांच्याबद्दल व्यवस्थेने आपला निर्णय जवळजवळ दिलेला असतो.

आणि क्रिकेटमध्ये शरीर उशिरा भरतं. वेगवान गोलंदाजाची पाठ आणि खांदा विशीत तयार होतो. बाराव्या वर्षी जो सर्वांत उंच असतो तो सोळाव्या वर्षी सर्वसाधारण निघू शकतो आणि जो किरकोळ म्हणून बाजूला काढला तो एकोणिसाव्या वर्षी ताशी १३५ किलोमीटरने चेंडू टाकू लागतो. पण तोवर त्याच्या घरी हिशेब झालेला असतो. किट, पास, फी, बूट, आणि इंग्लिश विलोच्या बॅटची किंमत ऐकून गप्प झालेला बाप. मुलगा बीकॉमला जातो, शनिवार-रविवार टेनिस बॉलवर खेळतो आणि गावच्या चषकात मोटारसायकल जिंकतो.

माझा एक मावसभाऊ असाच थांबला. डावखुरा गोलंदाज, चेंडू आत आणणारा. दोन ट्रायलना गेला. पहिल्यात त्याला सहा चेंडू मिळाले, दुसऱ्यात चार. चार चेंडूंवर सर मान हलवून पुढच्याला बोलावतात, कारण मागे अडीचशे मुलं उभी असतात. त्यात सरांची काय चूक? चार चेंडूंत जे दिसतं तेवढंच ते लिहू शकतात.

ट्रायलच्या रांगेबद्दल कल्याणच्या तुषार देशपांडेची हकिगत आता सर्वांना ठाऊक आहे, तरी इथे ती हवीच. २००७ मध्ये शिवाजी पार्क जिमखान्यावर तेरा वर्षांखालील मुलांची निवड होती. तुषार गेला होता फलंदाज म्हणून. पॅड बांधून बसलेल्यांची रांग संपेना. इतक्या उशिरापर्यंत थांबलो तर घरी परतायचं कसं, हा लांब राहणाऱ्या मुलाचा प्रश्न. गोलंदाजांची रांग छोटी दिसली म्हणून तो तिकडे जाऊन उभा राहिला. निवडणाऱ्यांत मुंबईचे नामवंत फिरकीपटू पद्माकर शिवलकर होते. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. पुढे चेन्नईने २० लाखांत घेतलेल्या या गोलंदाजाने २०२३ मध्ये संघाच्या विजेतेपदात २१ बळी घेतले आणि जेद्दाहच्या लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी साडेसहा कोटी मोजले. हा सगळा डोलारा एका छोट्या रांगेवर उभा आहे. त्या दिवशी दोन्ही रांगा सारख्या असत्या तर?

विरारच्या पलीकडे

वसई-विरारचे लोक स्वतःला लाइनीचं शेवटचं टोक समजतात, आणि चर्चगेटपासून साठ किलोमीटर म्हणजे टोकच. पण पुढे वैतरणा आहे, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. चर्चगेटहून नव्वद किलोमीटरच्या घरात. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली ती १६ एप्रिल २०१३ पासून. शार्दूल ठाकूर शाळकरी होता तेव्हा पालघरला लोकलच नव्हती. शटल किंवा लांबच्या गाड्या धरायच्या, त्यांचं वेळापत्रक पाठ करायचं, आणि एक चुकली तर त्या दिवशीचा नेट चुकला.

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं ते त्यांच्याच शाळेविरुद्ध खेळताना. रोहित शर्माही याच शाळेचा, लाड सरांनीच आणलेला. पालघरहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून सरांनी शार्दूलला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले ते या शाळेकडून. प्रतिभेची गोष्ट सांगताना आपण ते सहा षटकार सांगतो. मला मात्र सरांच्या घरातली ती गादी जास्त महत्त्वाची वाटते. ती घातली गेली नसती तर षटकार पालघरच्याच मैदानात राहिले असते.

पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादेत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याचं कसोटी पदार्पण, आणि दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर. त्याच सामन्यात सलामीला पृथ्वी शॉ होता. म्हणजे एका कसोटीत आमच्या लाइनीवरची दोन पोरं. मला तेव्हा ते जाणवलं नव्हतं, आता जुना धावफलक बघताना अंगावर काटा येतो. मग जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, निम्मा संघ जखमी असताना, शार्दूलने वॉशिंग्टन सुंदरबरोबर सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या, स्वतः ६७ केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. एका वर्षाने जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात.

असा माणूस जेद्दाहमध्ये उरला. त्यानंतर तो काय करत होता? रणजी खेळत होता. जम्मू-काश्मीरविरुद्ध संघ कोसळलेला असताना शतक, मेघालयाविरुद्ध हॅट्‌ट्रिक. मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान दुखापतीने बाहेर गेला आणि संघाने शार्दूलला पायाभूत किमतीला, २ कोटींना बोलावलं. २७ मार्चला हैदराबादेत, जगातल्या सर्वांत धोकादायक समजल्या जाणाऱ्या फलंदाजीसमोर, ३४ धावांत चार बळी. आयपीएलमधले त्याचे शंभर बळी त्याच रात्री पूर्ण झाले.

आजोबांचा हात धरून

आयुष म्हात्रेचा जन्म जुलै २००७ चा. विरारचं घर, आणि लहानपणापासून पहाटेची गाडी धरून माटुंगा, चर्चगेटच्या मैदानांवर जाणं. सोबत आजोबा. आयुषबद्दल जे काही छापून आलं त्यात ते आजोबा प्रत्येक ठिकाणी आहेत, आणि असायलाच हवेत. बाप नोकरीवर, आई घर आणि काम सांभाळते, मग दिवसभर मैदानाच्या कडेला बसायला मोकळं कोण? निवृत्त माणूस. विरारच्या फलाटावर मला जे आजोबा दिसतात ते मुंबई क्रिकेटचा पगार नसलेला विभाग आहेत. डब्यातली पोळीभाजी, पाण्याच्या दोन बाटल्या, स्टेशनवर उतरताना मुलाच्या दंडाला घट्ट धरलेला हात. मुलगा फलंदाजीला गेला की ते मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. असं करणारे मी तीन पाहिले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष इराणी करंडकात मुंबईकडून उतरला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच महिन्यात महाराष्ट्राविरुद्ध बीकेसीच्या मैदानावर १७६ धावा. एकोणीस वर्षांखालच्या मुलाला आयपीएलसाठी नाव द्यायचं तर वरिष्ठ पातळीवरचा किमान एक सामना गाठीला असावा लागतो. तो होता. तरी जेद्दाहमध्ये कुणी घेतलं नाही. सव्वा महिन्याने विजय हजारे करंडकात नागालँडविरुद्ध त्याने १८१ धावा केल्या. एकदिवसीय पातळीवर दीडशेच्या पुढे जाणारा तो तेव्हा जगातला सर्वांत लहान वयाचा फलंदाज ठरला. आधीचा विक्रम यशस्वी जयस्वालचा होता.

लिलाव थोडा उशिरा झाला असता तर? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. पण खरं कारण तारखेपेक्षा खोल आहे. तमिळनाडूची स्वतःची टी-ट्वेंटी लीग २०१६ पासून चालते. दिल्लीने २०२४ मध्ये सुरू केली आणि त्याच हंगामात प्रियांश आर्यने एका षटकात सहा षटकार मारले. तीन महिन्यांनी पंजाबने त्याला ३ कोटी ८० लाखांना घेतलं. मुंबईची लीग २०१८ आणि २०१९ मध्ये झाली, मग थेट जून २०२५ मध्ये. मधली सहा वर्षं मुंबईच्या नवख्या मुलांना टीव्हीवर दिसण्याची, आकड्यांत मोजलं जाण्याची ती खिडकीच बंद होती. ज्या शहराने देशाला सर्वाधिक फलंदाज दिले, त्या शहरातला मुलगा शेवटच्या फेरीत कमी ओळखीचा ठरला.

एप्रिल २०२५ मध्ये चेन्नईच्या ऋतुराज गायकवाडच्या कोपराला दुखापत झाली आणि संघाने आयुषला ३० लाखांत बोलावलं. २० एप्रिलला पहिला सामना, आणि तो वानखेडेवर. चर्चगेट स्टेशनातून चालत जाण्याच्या अंतरावर. १५ चेंडूंत ३२. मग ३ मे रोजी बंगळुरूत ४८ चेंडूंत ९४. चेन्नई दोन धावांनी हरली, पण त्या डावानंतर त्याचं नाव पुन्हा पुकारायची गरज उरली नाही. पुढच्या महिन्यात तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला.

सर्वांत आधी पुकारलेलं नाव

पृथ्वी शॉची गोष्ट उलट्या बाजूने येते आणि म्हणून ती टाळून चालणार नाही. त्याला कुणी दुर्लक्षित म्हणू शकत नाही. आई लहानपणीच गेलेली, विरारहून बापाबरोबर वांद्र्याच्या शाळेपर्यंतचा रोजचा प्रवास, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ धावा. चौदा वर्षांचा मुलगा एका दिवसात देशाचा झाला. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीत त्याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३.

आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून बाहेर, महिन्याने जेद्दाहमध्ये शांतता. त्याच्या चुका त्याच्या आहेत. पण चौदाव्या वर्षी ज्याच्या नावाचे फलक लागले, त्याला चुकायला आडोसा किती मिळाला, हाही विचार व्हावा. आयुषकडे आजोबा होते आणि त्याच्यावर नजरा कमी होत्या. दोन्ही गोष्टींनी मुलाला सांभाळलं असं मला वाटतं.

पृथ्वी महाराष्ट्राकडे गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध १४१ चेंडूंत द्विशतक. डिसेंबरमध्ये अबुधाबीच्या लिलावात पहिल्या फेरीत पुन्हा कुणी बोललं नाही. शेवटाकडे त्याचं नाव परत आलं आणि दिल्लीने ७५ लाखांना घेतलं. पायाभूत किमतीला, एकाच बोलीत.

पॉइंटांचा लिलाव

एका शनिवारी रात्री मी विरार पश्चिमेला एका सभागृहात गेलो. गावच्या टेनिस क्रिकेट लीगचा लिलाव होता. आगरी-कोळी गावांत, सोसायट्यांत, वाड्यांत आता अशी लीग नसलेलं ठिकाण सापडणं कठीण. संघमालक म्हणजे केबलवाला, बांधकामाचं साहित्य पुरवणारा, मासळीचा व्यापारी. पैशांऐवजी पॉइंट. पडद्यावर मुलाचा फोटो येतो, हाफ पँटीत, मागे घराची भिंत. सूत्रधार त्याचा गुण सांगतो आणि मालक हात वर करतात. डिसेंबरच्या अखेरीस वसईच्या चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, त्याच्या आधीच्या दिवसांत तर गावोगाव हीच धामधूम.

मला बघायचा होता तो शेवटचा अर्धा तास. पॉइंट संपलेले, मालक चहा पीत उभे, पडद्यावर उरलेले फोटो. इथे मात्र जेद्दाहपेक्षा वेगळं घडतं. गावाचा मुलगा घरी पाठवता येत नाही. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या केल्या जातात आणि प्रत्येक संघाने त्या उचलायच्या. म्हणजे एकही नाव न पुकारता राहत नाही. तरी कुणाचं नाव बोलीतून आलं आणि कुणाचं चिठ्ठीतून, हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ असतं. मागच्या भिंतीशी उभी असलेली मुलं हसत होती, एकमेकांना ढकलत होती, आणि पडद्यावरून नजर काढत नव्हती.

वही कुणी उघडावी

शेवटच्या फेरीत कुणाला घ्यावं, असं मला कुणी विचारलं तर मी मालडब्यातून सुरुवात करायला सांगेन. प्रवासाचे कष्ट माणूस घडवतात अशी गाणी गायची माझी इच्छा नाही. रोज चार तास गाडीत गेलेल्या मुलाचे चार तास नेटमधून वजा होतात, झोपेतून वजा होतात, आणि विरारहून निघालेल्यांपैकी बहुतेक मधेच उतरतात. ते उतरले म्हणजे कमी दर्जाचे होते असं कुणी समजू नये. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. त्यानंतर इथे इमारती किती उभ्या राहिल्या ते गाडीच्या खिडकीतून दिसतं. रात्री दिव्यांत लखलखणारी, तासाच्या भाड्याने मिळणारी जाळीतली टर्फ मैदानंही भरपूर झाली. पण मुलाच्या नावापुढे निवड समितीला मोजता येईल अशी धाव लागायची असेल तर त्याला अजूनही आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा गाठावं लागतं.

तर शोधकाने काय बघावं? कांगा लीग बघावी. १९४८ पासून भर पावसात, न झाकलेल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी ही स्पर्धा. तिच्या खालच्या विभागांत आठव्या क्रमांकावर येऊन चिखलात वीस धावा करणारा मुलगा कुठून येतो ते विचारावं. कॉलेजच्या संघातला तो गोलंदाज बघावा जो सोळाव्या वर्षी नाकारला गेला आणि तरी थांबला नाही. टेनिसवर यॉर्कर टाकणाऱ्याच्या हातात एकदा सीझन बॉल द्यावा आणि चार नव्हे, चाळीस चेंडू टाकू द्यावेत.

गेल्या रविवारी मी आझाद मैदानावर होतो. बावीस खेळपट्ट्या एकमेकींत घुसलेल्या, एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्याच्या स्लिपशेजारी उभा. पहाटेच्या मालडब्यातला मुलगा एका तंबूत पॅड बांधून बसला होता. नववा क्रमांक. त्याच्या संघाने सहा गडी गमावून धावसंख्या गाठली. त्याने पॅड सोडले, बॅटला चेंडू न लागताच ती कापडात गुंडाळली. आजोबा पिशवीची चेन लावत होते.

निघताना मुलगा गुणलेखकाच्या टेबलाशी गेला. वहीवर वाकून त्याने समोरच्या संघाचं पान काढायला लावलं. सकाळी त्याने कव्हरला एक झेल घेतला होता, पुढे झेपावून, जमिनीच्या चार बोटं वरून. बाद झालेल्याच्या नावापुढे झेल घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा रिकामी होती, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्याने आपलं नाव सांगितलं. गुणलेखकाने पुन्हा विचारलं. त्याने आडनावासकट सांगितलं आणि पेन उचलेपर्यंत तो तिथून हलला नाही.

५:१२ ची विरार फास्ट चुकणार होती. आजोबा काही बोलले नाहीत.